एक विनातारण अर्ज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जवाहरनगरला मुलाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सकाळचा चहा घेत बसलो होतो. शेजारच्या क्वार्टरमधली मुलगी हातात चार छापील कागद घेऊन आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना? मग माझं एवढं एक पत्र पाहून द्या."

भंडाऱ्याजवळचे हे जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणची माणसे इथे आलेली. माझा मुलगा इथे नोकरीला आहे, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघे वर्षातले काही महिने इथे असतो. बँकेतली नोकरी संपली, तरी लोकांचे अर्ज वाचण्यातून माझी सुटका झालेली नाही. कोणाला पेन्शनचा अर्ज हवा असतो, कोणाला क्वार्टरच्या गळतीची तक्रार. पण या मुलीचे पत्र जरा वेगळे होते. तिने नागपूरला नर्सिंगची पदवी घेतली, दोन वर्षे इस्पितळात काम केले आणि आता तिला परदेशातल्या एका विद्यापीठात बाळंतपण आणि मातांचे आरोग्य या विषयात पुढचे शिक्षण घ्यायचे होते. विद्यापीठाने विचारले होते : तुम्हाला हे का शिकायचे आहे, ते एका पानात सांगा.

पान मी वाचले. भाषा इस्त्री केल्यासारखी. 'लहानपणापासून सेवेची आवड', 'आपल्या नामवंत संस्थेची थोर परंपरा', 'नेतृत्वगुणांचा विकास'. चूक काढायला कुठेही जागा नव्हती. एकच गोष्ट खटकली. त्या पानात ती मुलगी सोडून बाकी सगळे होते.

"हे कुठून घेतलंस?"

"नमुना मिळाला एक. त्यावरून केलं."

"आणि तुला खरोखर का शिकायचं आहे?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने रात्रपाळीतल्या एका बाईची हकीकत सांगितली. खेड्यातून आलेली, दुसरेपणची. ड्यूटीवर पुरुष डॉक्टर होते म्हणून आपल्याला काय होते आहे ते सांगायलाच तयार नव्हती. पहाटे या मुलीच्या कानात तिने सांगितले, तेव्हा बराच उशीर झाला होता. बाई वाचली, मूल गेले.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"अर्जात असं लिहितात का काका?"

लिहितात. एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी अठरा वर्षांच्या एका मराठी मुलीने अमेरिकेतल्या एका कॉलेजला लिहिलेल्या अर्जात जवळजवळ हेच लिहिले होते. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

पोस्टातल्या माणसाचे पत्र

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली आणि तेव्हापासून मराठी वाचकाने तिला अंतर दिलेले नाही. २०१९ साली त्याच नावाचा चित्रपटही आला. पण मी आयुष्यभर अर्ज वाचलेला माणूस. माझे मन त्या गोष्टीतल्या पत्रांपाशीच घुटमळते. कारण ती सगळी गोष्ट पत्रांवरच उभी आहे.

पहिले पत्र आनंदीबाईंचे नाही, त्यांच्या नवऱ्याचे आहे. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेल्या यमुनेशी त्यांचे लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची आणि ते तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. तिचे नाव त्यांनी आनंदी ठेवले आणि तिला शिकवायचा ध्यास घेतला. हा ध्यास प्रेमळच होता असे नाही. त्यांच्या सक्तीचे आणि मारहाणीचे उल्लेख पुढे खुद्द आनंदीबाईंच्या पत्रांत आहेत. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला.

१८७८ साली कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे पत्रव्यवहार केला. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, आपल्यालाही तिकडे काम मिळेल का, अशी त्यांची विचारणा. ते पत्र अखेर रॉयल वाइल्डर यांच्यापर्यंत पोचले. वाइल्डर यांनी कोल्हापुरात अनेक वर्षे मिशनचे काम केलेले होते आणि आता ते अमेरिकेत परतून एक नियतकालिक चालवीत होते. त्यांचे उत्तर असे, की तुम्ही ख्रिस्ती व्हा. मदतीचे पुढे पाहू. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर, आधी तारण आणा. गोपाळराव त्याला तयार नव्हते. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या अंकात छापला आणि विषय तिथेच संपला.

संपला असता, असे म्हटले पाहिजे. १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे त्यांच्या हाती तो अंक पडला. एका अनोळखी देशातल्या अनोळखी मुलीला शिकायचे आहे, एवढेच त्यांना कळले. घरी येऊन त्यांनी पत्र लिहिले. त्या पत्राला उत्तर गेले, उत्तराला उत्तर आले. आगबोटीच्या टपालाला आठवडेच्या आठवडे लागत, पण दोघींनी धागा तुटू दिला नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तिथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. अमेरिकेला का जाता, इथे शिकायची सोय नाही का, एकट्या का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय कराल, हे लोकांचे प्रश्न त्यांनीच एकेक करून घेतले आणि त्यांची उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी तिथे निक्षून सांगितले. वाइल्डर यांच्या अटीला पाच वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी धक्क्यावर न्यायला आल्या होत्या.

अर्जात काय होते

रोझेलला मावशींच्या घरी राहून आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. १८५० साली निघालेले, खास स्त्रियांना डॉक्टर करणारे हे कॉलेज. पत्र कॉलेजच्या कामकाजाची जबाबदारी पाहणारे आल्फ्रेड जोन्स यांच्या नावे आहे. ते आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे आणि त्याची छबी घरबसल्या पाहता येते. मी ती जवाहरनगरच्या याच व्हरांड्यात बसून पाहिली.

बँकेत कर्जाचा अर्ज आला, की आम्ही चार गोष्टी पाहत असू. अर्जदार कोण, पैसा कशाला हवा, परतफेड कशातून होणार आणि तारण काय. त्या सवयीने मी हे पत्र वाचले.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती अशी, की या अर्जदाराने आपले उणे आधीच सांगून टाकले आहे. प्रवेशासाठी तुम्हाला जे जे लागते ते सगळे माझ्याजवळ नसेल याची मला जाणीव आहे, पण माझी परिस्थिती निराळी आहे, ती लक्षात घ्या, असा तो सूर आहे. माझ्या साऱ्या नोकरीत स्वतःची कमतरता स्वतःहून पहिल्या परिच्छेदात लिहिणारे अर्जदार मला फार थोडे भेटले. आणि जे भेटले त्यांचे कर्ज सहसा बुडाले नाही.

दुसरी गोष्ट तारणाची. पत्रात तारण म्हणून जे आहे ते असे : नातेवाइकांच्या आणि जातीच्या विरोधाला न जुमानता जो निश्चय मला इथवर घेऊन आला, तोच निश्चय मला पुढेही उपयोगी पडेल. बस्स. घर नाही, जमीन नाही, जामीनदार नाही.

तिसरी गोष्ट कारणाची. माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदतीची गरज आहे आणि पुरुष डॉक्टरकडून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, असे आनंदीबाई लिहितात. शेजारच्या मुलीने सांगितलेली रात्रपाळीतली बाई मला या ओळीत दिसली.

आणि शेवटी त्या म्हणतात, की मला स्वतःसाठी काही नको. या कामासाठी जेवढे लागेल तेवढेच मी तुमच्या दाराशी मागते आहे. तुमच्या, किंवा जे कॉलेज मला आत घेईल त्याच्या. याचना आहे, पण मान खाली घातलेली नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरे दार ठोठावीन, हे फार सभ्यपणे सांगितलेले आहे.

एक वाक्य मात्र आज वाचवत नाही. माझी प्रकृती चांगली आहे, असे त्या लिहितात.

ते वाचले कोणी

अर्ज कितीही चांगला असला, तरी तो वाचणारा असावा लागतो. आपण आनंदीबाईंच्या धाडसाचे गोडवे गातो आणि ते योग्यच आहे. पण टेबलाच्या पलीकडल्या बाजूला मी तीस-पस्तीस वर्षे बसलेलो असल्यामुळे मला पलीकडच्या माणसाविषयीही कुतूहल वाटते.

त्या कॉलेजच्या डीन, आपल्या भाषेत प्राचार्याच म्हणा, रेचल बॉडली होत्या. मूळच्या रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकार. १८६५ साली त्या या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि १८७४ साली डीन. या बाईंना पत्रांचे मोल फार चांगले कळत होते. बायका डॉक्टर होऊन करतात काय, लग्न झाले की सारे शिक्षण फुकट जाते, असे तेव्हा अमेरिकेतही सर्रास बोलले जाई. बॉडलीबाईंनी वाद घातला नाही. आपल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या डॉक्टरणींना त्यांनी प्रश्न पाठवले : तुम्ही व्यवसाय करता का, मिळकत काय, संसाराचा त्याला अडसर होतो का? गावोगावहून उत्तरे आली. ती एकत्र करून त्यांनी १८८१ साली पदवीदान समारंभात जाहीरपणे मांडली. बायका खरोखर काम करीत होत्या आणि कमावीतही होत्या.

हिंदुस्थानही त्या कॉलेजला परका नव्हता. तिथली पदवी घेतलेल्या क्लारा स्वेन १८७० सालीच बरेलीला येऊन बायकामुलांवर उपचार करू लागल्या होत्या. पडद्याआडच्या बाईला पुरुष डॉक्टर चालत नाही, हे त्या कॉलेजने आधीच ऐकलेले होते. म्हणून आनंदीबाईंच्या पत्रातली ती ओळ तिथे वाया गेली नाही. वाइल्डर यांनी पत्र वाचले आणि अट घातली. या कॉलेजने पत्र वाचले आणि प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. दोन्ही पत्रांमागची मुलगी एकच होती. फरक एवढाच, की पहिले पत्र तिच्याविषयी दुसऱ्याने लिहिलेले होते आणि दुसरे तिचे स्वतःचे होते. आणि वाचणारे वेगळे होते.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मी फारसा उत्सुक नाही.

१९९० च्या सुमाराला मी एका आडगावच्या शाखेत होतो. शाखेचे आणि गावाचे नाव सांगत नाही. एका मुलीचा नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज आला. बाप दुसऱ्याची शेती ठेक्याने करणारा. सातबारा नाही, जामीनदार नाही. मी वरचा फॉर्म पाहिला, रिकामे रकाने पाहिले आणि लाल शाईने लिहिले : 'कागदपत्रे अपूर्ण. परत.' नियमाप्रमाणे त्यात काही चूक नव्हती. अर्ज न्यायला मात्र कोणी आले नाही.

दोन वर्षांनी शाखा नव्या इमारतीत हलवताना जुने कागद चाळत होतो. तो अर्ज निघाला. फॉर्मच्या मागे वहीचा एक रेघांचा कागद टाचलेला होता. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. शिक्षण कशासाठी हवे, गावात दवाखाना किती लांब आहे, आई कशी गेली, पैसे किती दिवसांत फेडीन, याचा तिने तिच्या समजुतीने केलेला हिशेबही होता. हिशेब बरोबर होता. तो कागद मी पहिल्या वेळी उलटून पाहिलेलाच नव्हता. कर्ज देणे कदाचित तेव्हाही माझ्या हातात नसते. पण वरच्या कार्यालयाला दोन ओळी लिहिणे माझ्या हातात होते. जामीनदार मिळतो का ते पाहा, असे तिच्या बापाला बोलावून सांगणे तर नक्कीच होते. मी चौकशी केली, तेव्हा ते कुटुंब गाव सोडून गेले होते. तिचे पुढे काय झाले ते मला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतर मी अर्ज मागच्या पानापासून वाचायला लागलो. सहकारी हसत. हसू देत.

अकरा मार्च

आनंदीबाईंचे ते कर्ज फिटले का, असे कोणी विचारील. हिशेब सोपा नाही.

फिलाडेल्फियाच्या थंडीत त्या शिकल्या. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली बसलेल्या आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. एकाच कॉलेजने तीन देशांच्या तीन अर्जांना होय म्हटल्याचा तो पुरावाच आहे. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला तो प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदनाचा संदेश आला.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांचे पहिले पत्र गेले होते, तेच कोल्हापूर. पण त्या जागेवर त्या कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयाने त्यांना आधीच धरले होते. १८८६ च्या अखेरीला त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना राहिला होता. त्यांची रक्षा समुद्रापार मावशींकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावली.

निव्वळ बँकेच्या वहीत पाहिले, तर हे खाते बुडीत. एकाही रुग्ण बाईला त्या कोल्हापुरात तपासू शकल्या नाहीत.

पण रेचल बॉडलींनी वही मिटली नाही. आनंदीबाई गेल्या त्याच वर्षी, १८८७ मध्ये, पंडिता रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली. पुढच्याच वर्षी, जून १८८८ मध्ये, त्याही गेल्या. त्या पुस्तकाने आणि रमाबाईंच्या व्याख्यानांनी अमेरिकेत जे साह्य उभे राहिले, त्यातून मुंबईत 'शारदा सदन' निघाले. तारीख होती ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. विधवांना आणि मुलींना तिथे शिकायला जागा मिळाली. म्हणजे एका मुलीचा अर्ज वाचला गेला, तिच्यामुळे दुसरी बाई त्या गावी गेली आणि तिसऱ्या, चौथ्या, कितीतरी मुलींना दार उघडले. असल्या परतफेडीला आमच्या लेजरमध्ये रकाना नव्हता.

पुन्हा व्हरांडा

शेजारच्या मुलीला मी हे सगळे सांगितले. बरेचसे तिला माहीत होते. पत्राचे माहीत नव्हते. मी तिचे पत्र लिहून दिले नाही. एवढेच म्हणालो, "तो नमुना बाजूला ठेव आणि त्या रात्रीपासून सुरू कर. तुला जे येत नाही तेही लिही. लाजू नकोस."

तीन दिवसांनी ती नवे पान घेऊन आली. इंग्रजी पहिल्यापेक्षा ओबडधोबड होते. दोन ठिकाणी क्रियापद चुकले होते, तेवढे मी सुधारले. संशोधनाचा अनुभव आपल्याला नाही, हे तिने सरळ लिहिले होते. त्या बाईचे नाव लिहिले नव्हते, पण ती बाई पानभर होती. तिच्या आईने बाहेर येऊन विचारले, "भाऊजी, जमलं का हिचं?" मी म्हटले, "वहिनी, आता हे हिचं पत्र झालं."

पत्र गेले. उत्तर यायचे आहे. मिळेल की नाही ते मी सांगू शकत नाही. चांगली पत्रेही परत येतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तिकडे ते पान कोणाच्या टेबलावर जाऊन पडेल, कोण जाणे. जो कोणी असेल त्याने पुढचे रकाने मोजायच्या आधी ते एकदा उलटून वाचावे, एवढेच माझे मागणे आहे.